समुद्र दिसतो, जमीन कुणाची?

रविवारच्या वर्तमानपत्रांत अधूनमधून एक जाहिरात येते. निळा समुद्र, पांढरी गच्ची, गच्चीवर दोन खुर्च्या आणि खाली एक ओळ: भूमध्य समुद्रातल्या बेटावर स्वतःचं घर, शिवाय युरोपात राहण्याचा परवाना. किंमत वाचून घाटकोपरचा माणूस आता दचकत नाही. पंतनगरला किंवा राजावाडीच्या बाजूला नव्या इमारतीतल्या दोन बेडरूमच्या फ्लॅटसाठी बिल्डर जो आकडा सांगतो, त्याच्या आसपासच ती असते. मग मनात येतं, इथे खिडकीतून समोरच्या विंगचे वाळत घातलेले कपडे दिसतात, तिथे समुद्र दिसेल. पैसे तर तेवढेच!

मी बँकेच्या परकीय चलन विभागात बरीच वर्षं काम केलं. निवृत्तीनंतर सोसायटीचा सेक्रेटरी म्हणून कागदपत्रांच्या मागे धावलो. त्यामुळे ओळखीचे लोक अशा जाहिराती घेऊन विचारायला येतात. कुणाला पुनर्विकासात कॉर्पसची रक्कम मिळालेली असते, कुणी गल्लीतलं जुनं दुकान विकलेलं असतं, कुणाची मुलं जर्मनीत नाहीतर नेदरलँड्समध्ये स्थायिक झालेली असतात. श्रीमंतांची गोष्ट वेगळी. पण या मंडळींच्या दृष्टीनं ती रक्कम म्हणजे आयुष्यभराची पुंजी असते. म्हणून आज या विषयावर थोडं तपशिलात बोलणार आहे.

खरं तर बेटावर घर घेणं आपल्याला नवीन नाही. आपलं घाटकोपर साष्टी बेटावरच वसलेलं आहे. खाड्या भरत गेल्या, पूल झाले, म्हणून ते जाणवत नाही इतकंच. बेटावरच्या जागेचा व्यवहार म्हणजे काय आणि त्यात ठेच कुठे लागते, हे आपण इथे राहून शिकलो आहोत. माझं सांगणं एवढंच, की हे शिकलेलं शहाणपण विमानतळावर सोडून जाऊ नका.

जाहिरातीत एकच वस्तू दिसते, प्रत्यक्षात आपण तीन वस्तू घेत असतो. पहिली, घराच्या चार भिंती. दुसरी, त्या भिंती आणि त्यांच्याखालची जमीन यांवरचा कायदेशीर हक्क. तिसरी, त्या देशात राहण्याची परवानगी. भिंती बिल्डर बांधतो, हक्काची नोंद तिथलं भूमी खातं करतं आणि राहण्याची परवानगी तिथलं सरकार देतं. बिल्डर तिन्हींच्या नावानं पैसे मागतो, पण त्याच्या हातात फक्त पहिली वस्तू असते. हा फरक नीट समजला की निम्मं काम झालं.

उदाहरणादाखल सायप्रस घेऊ, कारण या जाहिरातींत त्याचं नाव वारंवार येतं. सिसिली आणि सार्डिनिया यांच्यानंतर भूमध्य समुद्रातलं हे तिसऱ्या क्रमांकाचं मोठं बेट. १८७८ पासून १९६० पर्यंत तिथे ब्रिटिशांचा अंमल होता, त्यामुळे गाड्या आपल्यासारख्या डाव्या बाजूनं चालतात आणि इंग्रजीवर काम भागतं. २००४ मध्ये सायप्रस युरोपीय संघात आला आणि २००८ मध्ये तिथे युरो हे चलन सुरू झालं. ऊन भरपूर, लोक अगत्यशील. घर घ्यावंसं वाटलं तर त्यात नवल नाही.

आधी पैसे पाठवायचे कसे ते पाहू. एके काळी सामान्य भारतीयाला परदेशात घर घेण्यासाठी डॉलर मिळणं जवळजवळ अशक्य होतं. फेब्रुवारी २००४ मध्ये रिझर्व्ह बँकेनं उदारीकृत रकमा पाठवण्याची योजना आणली, तेव्हा मर्यादा होती वर्षाला २५ हजार डॉलर. ती वाढत गेली. ऑगस्ट २०१३ मध्ये रुपया घसरला तेव्हा ती एकदम कमी झाली आणि या योजनेतून परदेशात घर घेण्यावर बंदीही आली. २०१४ मध्ये ती बंदी उठली आणि २०१५ पासून मर्यादा दर माणशी, दर आर्थिक वर्षाला अडीच लाख डॉलर आहे. थोडक्यात, हे दार सरकार उघडतं आणि गरज पडली तर लावूही शकतं, हे ध्यानात ठेवावं.

आता हिशेब मांडू. सायप्रसमध्ये घराच्या आधारावर कायमच्या वास्तव्याचा परवाना हवा असेल, तर किमान ३ लाख युरोचं नवं, थेट बिल्डरकडून पहिल्यांदाच विकलं जाणारं घर घ्यावं लागतं. त्यावर व्हॅट वेगळा. त्याचा नेहमीचा दर १९ टक्के आहे. तिथे स्वतः राहणाऱ्याला काही अटींवर सवलत मिळते, पण ती गृहीत धरू नये. म्हणजे ३ लाख ५७ हजार युरो झाले. हिशेबापुरता एक युरो शंभर रुपयांचा धरला तर ३ कोटी ५७ लाख रुपये. एवढी रक्कम एका माणसाच्या एका वर्षाच्या मर्यादेत बसत नाही. नवरा-बायकोंनी मिळून पाठवायची, तर घराच्या कागदावर दोघांचीही नावं हवीत. शिवाय यासाठी इथल्या बँकेला कर्ज देऊन रक्कम पाठवता येत नाही. पैसे स्वतःचे हवेत.

त्यात टीसीएस आला. १ एप्रिल २०२५ पासून अशा कामासाठी वर्षाला माणशी १० लाखांच्या वर जी रक्कम जाईल, तिच्यावर बँक २० टक्के कर आधी कापून घेते. वरच्या उदाहरणात दोघांचे मिळून २० लाख वगळले, तरी ३ कोटी ३७ लाखांवर ६७ लाख ४० हजार रुपये होतात. हा वाढीव कर नव्हे. विवरणपत्र भरल्यावर तो तुमच्या करात वळता होतो किंवा परत मिळतो. पण तोवर तेवढे पैसे हातात असायला हवेत. पुष्कळांचं गणित इथेच कोसळतं, आणि जाहिरातीत याचा उल्लेख नसतो.

अशा वेळी कुणीतरी हळूच सुचवतं, की रोख इथे द्या, तिकडे परस्पर जमा होईल. या वाटेला चुकूनही जाऊ नये. परकीय चलन व्यवस्थापन कायद्यात, म्हणजे फेमात, गुंतलेल्या रकमेच्या तिप्पट दंडाची तरतूद आहे आणि परदेशातल्या बेकायदा मालमत्तेच्या किमतीइतकी इथली मालमत्ता जप्त होऊ शकते. राजरोस घेतलेलं घरसुद्धा दरवर्षी प्राप्तिकर विवरणपत्रात परदेशी मालमत्तेच्या रकान्यात दाखवावं लागतं. तसं न केल्यास २०१५ च्या काळ्या पैशाविषयीच्या कायद्याखाली दहा लाखांचा दंड होऊ शकतो. बँकेतल्या लहानसहान शिलकेला यात सूट मिळाली आहे, घराला नाही.

पैशांचा मार्ग झाला. आता दुसरी वस्तू, हक्क. इथे आपल्या सोसायट्यांचा अनुभव कामी येतो. आपल्याकडे कन्व्हेयन्स हा शब्द माहीत नाही असा फ्लॅटधारक विरळा. लोकांनी पूर्ण पैसे भरले, तीस-तीस वर्षं राहिले, पण जमीन बिल्डरच्या किंवा मूळ मालकाच्या नावावरच राहिली, अशा इमारती आपल्या उपनगरांत गल्लोगल्ली आहेत. १९६३ च्या मोफा कायद्यानं हस्तांतरण बंधनकारक केलं होतं. ते होईना, म्हणून २००८ मध्ये मानीव अभिहस्तांतरणाची, म्हणजे डीम्ड कन्व्हेयन्सची सोय करावी लागली.

सायप्रसमध्येही अगदी हेच घडलं. तिथे स्वतंत्र टायटल डीड मिळण्यासाठी इमारत पूर्ण व्हावी लागते, अंतिम मंजुरीचा दाखला मिळावा लागतो आणि जमिनीची फ्लॅटवार विभागणी व्हावी लागते. म्हणजे आपली ओसी आणि कन्व्हेयन्स एकत्र म्हणा. बिल्डरनं मंजुरीपेक्षा वेगळं बांधकाम केलं की सगळं अडतं. शिवाय अनेक बिल्डरांनी जमीन आधीच बँकेकडे गहाण टाकलेली होती. घेणाऱ्यांनी पूर्ण पैसे भरले, ते राहायलाही आले, आणि मग कळलं, की बिल्डरचं कर्ज थकलं तर बँकेचा हक्क आपल्या आधी येतो. अशा अडकलेल्या खरेदीदारांची संख्या इतकी वाढली, की २०१५ मध्ये तिथल्या संसदेला त्यांच्यासाठी खास कायदा करावा लागला.

म्हणून प्रश्न इथले तेच तिथे विचारायचे. जमीन कुणाच्या नावावर आहे? तिच्यावर बोजा आहे का? असेल तर बँकेचं लेखी मुक्तिपत्र कुठे आहे? आपण इथे प्रॉपर्टी कार्ड आणि सर्च रिपोर्ट मागतो, तसं तिथे भूमी खात्याचं सर्च सर्टिफिकेट मागायचं. करार झाला की सहा महिन्यांच्या आत तो भूमी खात्यात दाखल करायचा, कारण त्या नोंदीमुळे आपल्यानंतर येणाऱ्या बोजांपासून संरक्षण मिळतं. आणि एक लक्षात ठेवा: युरोपीय संघाबाहेरच्या माणसाला तिथे घर घेण्यासाठी जिल्हा प्रशासनाची परवानगी लागते, आणि ती साधारणपणे एकाच घरापुरती मिळते. चार फ्लॅट घेऊन भाड्यानं द्यायचा बेत असेल, तर तो इथेच सोडावा.

आता सर्वांत नाजूक भाग. सायप्रसच्या नकाशावर मधोमध एक रेघ आहे. १९७४ मध्ये तुर्कस्तानी सैन्य बेटावर उतरलं आणि उत्तरेकडचा भाग त्यांच्या ताब्यात गेला. तिथे राहणारे ग्रीक सायप्रियट घरंदारं, शेतं, बागा सोडून दक्षिणेला आले. १९८३ मध्ये उत्तरेनं स्वतःला वेगळा देश म्हणून जाहीर केलं, पण त्याला मान्यता फक्त तुर्कस्तानची. दोन्ही बाजूंच्या मध्ये संयुक्त राष्ट्रांची शांतिसेना उभी आहे. ही सेना आली १९६४ मध्ये, आणि तिचं नेतृत्व करताना आपले जनरल थिमय्या यांचं डिसेंबर १९६५ मध्ये सायप्रसमध्येच निधन झालं.

या रेषेचा आपल्या खिशाशी काय संबंध? उत्तरेकडची घरं बरीच स्वस्त मिळतात. आमच्या ओळखीच्या एका निवृत्त शिक्षक दांपत्याला एका हॉटेलातल्या प्रदर्शनात असंच घर दाखवलं गेलं. किंमत निम्मी, हप्ते सोपे, आणि त्याच संध्याकाळी पाच हजार युरो टोकन भरलं तर स्वयंपाकघराचं फर्निचर फुकट. पत्रकावर ठळक अक्षरांत सायप्रस, खाली बारीक अक्षरांत गावाचं नाव, किरेनिया. मी नकाशा काढून ते गाव रेषेच्या कुठल्या बाजूला आहे, ते दाखवलं. बाई म्हणाल्या, “अहो, पण कागद तर देणार आहेत ना?” कागद देतात, यात शंका नाही. प्रश्न असा, की १९७४ च्या आधी त्या जमिनीचा सातबारा कुणाच्या नावावर होता?

हे समजायला एक प्रसिद्ध खटला पुरेसा आहे. ऑरम्स नावाच्या ब्रिटिश दांपत्यानं २००२ मध्ये उत्तरेकडच्या लापिथोस गावात जमीन घेऊन बंगला बांधला. जमिनीचे मूळ मालक होते मेलेटिस अपोस्तोलिडिस. त्यांच्या कुटुंबाला १९७४ मध्ये गाव सोडावं लागलं होतं. पुढे रेषेवरचे दरवाजे उघडले, तेव्हा त्यांनी आपल्या जागेवरचा तो बंगला पाहिला आणि निकोसियाच्या न्यायालयात दावा लावला. २००४ मध्ये निकाल लागला: बंगला पाडा, पोहण्याचा तलाव आणि कुंपण काढा, जमीन परत करा, भरपाई द्या. आता उत्तरेत या न्यायालयाचा हुकूम चालत नाही. पण अपोस्तोलिडिस इंग्लंडमध्ये गेले. एप्रिल २००९ मध्ये युरोपीय न्यायालयानं आणि जानेवारी २०१० मध्ये इंग्लंडच्या अपील न्यायालयानं सांगितलं, की हा निकाल इंग्लंडमध्येही लागू होतो. म्हणजे बेटावरच्या बंगल्यापायी त्यांची इंग्लंडमधली मालमत्ताही धोक्यात आली. त्याशिवाय मूळ मालकाच्या संमतीवाचून अशा जमिनीचा व्यवहार करणं हा सायप्रसच्या कायद्यात २००६ पासून गुन्हा आहे आणि त्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

त्या शिक्षक दांपत्यानं एजंटकडे १९७४ पूर्वीच्या मालकीचा कागद मागितला. एजंटचा पुन्हा फोन आला नाही.

मला यात फक्त पैशांचा प्रश्न दिसत नाही. फाळणीत घरदार सोडून आलेली कुटुंबं आपल्या मुंबईत आहेत. कोयनेच्या आणि इतर धरणांच्या पाण्याखाली गाव गेलेली माणसं आपल्या नात्यात असतील. कुणाचं तरी अंगण आपल्याला निम्म्या किमतीत मिळत असेल, तर ते का मिळतं, हे विचारणं आपलं काम आहे.

तिसरी वस्तू, राहण्याची परवानगी. इथे सरकारचं मन केव्हा बदलेल सांगता येत नाही. सायप्रस काही वर्षं मोठ्या गुंतवणुकीवर थेट नागरिकत्व देत असे. गैरव्यवहार उघडकीला आल्यावर १ नोव्हेंबर २०२० पासून ती योजना बंद झाली. माल्टाच्या तशाच योजनेला युरोपीय न्यायालयानं एप्रिल २०२५ मध्ये बेकायदा ठरवलं. स्पेननं, म्हणजे मायोर्का वगैरे बेटांसह, घर घेऊन व्हिसा मिळण्याची सोय एप्रिल २०२५ मध्ये बंद केली. ग्रीसमध्ये अडीच लाख युरोत काम होत असे; २०२४ च्या सप्टेंबरपासून सॅंटोरिनी, मिकोनोस आणि ३,१०० हून जास्त वस्तीच्या बेटांसाठी ती रक्कम ८ लाख युरो झाली. शिवाय अशा घरात पर्यटकांना थोड्या दिवसांसाठी ठेवायलाही मनाई झाली.

सायप्रसचा कायमच्या वास्तव्याचा परवाना अजून मिळतो. पण मे २०२३ पासून अर्जदाराचं देशाबाहेरून येणारं वार्षिक उत्पन्न किमान ५० हजार युरो हवं. पती किंवा पत्नीसाठी १५ हजार आणि प्रत्येक अवलंबून असलेल्या मुलासाठी १० हजार आणखी. दांपत्याचे झाले वर्षाला ६५ लाख रुपये. निवृत्तीवेतनावर जगणाऱ्याला ही अट कशी झेपणार? शिवाय या परवान्यावर तिथे नोकरी करता येत नाही आणि दुसऱ्या युरोपीय देशात जाऊन राहण्याचा हक्कही मिळत नाही. मुलगा जर्मनीत आहे म्हणून सायप्रसमध्ये घर, हा हिशेब त्यामुळे जुळत नाही. नुसतं घर असलं, परवाना नसला, तर आपल्याच घरी जायला दर वेळी व्हिसा काढायचा.

हे परक्याला जाचक वाटतं, पण आपणही वेगळे नाही. २००० नंतरच्या दशकात कितीतरी ब्रिटिश आणि रशियन पर्यटकांनी गोव्यात घरं घेतली. त्यांनाही समुद्र, नारळ आणि स्वस्ताई दिसली होती. पण आपल्या फेमाप्रमाणे पर्यटक व्हिसावर आलेल्या परदेशी माणसाला इथे स्थावर मालमत्ता घेता येत नाही. त्यासाठी आधीच्या आर्थिक वर्षात १८२ दिवसांहून जास्त वास्तव्य आणि इथेच राहण्याचा हेतू लागतो. अंमलबजावणी संचालनालयाची चौकशी सुरू झाली आणि अनेकांचे व्यवहार वर्षानुवर्षं लटकले. त्यांना घर विकणारे एजंट मात्र दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळले होते. गोव्यात जी जागा त्या साहेबाची, तीच सायप्रसमध्ये आपली. तिथे परके आपण आहोत.

राहता राहिलं उत्पन्न. पाफोस किंवा आयिया नापा यांसारख्या गावांत पर्यटक प्रामुख्यानं उन्हाळ्यात येतात. बाराही महिने भाडं मिळेल असं धरून केलेला हिशेब फसवा असतो. सामाईक देखभाल, व्यवस्थापकाचं कमिशन, विमा आणि तिथला कर वजा करावा लागतो. ते भाडं भारतातही करपात्र आहे. तिथे भरलेल्या कराची वजावट मिळते. विकताना नफ्यावर तिथे २० टक्के कर आहे. युरो वधारला तर आपला फायदा, पण घराच्या किमती पडल्या तर? मार्च २०१३ मध्ये सायप्रसच्या बँका कोसळल्या, तेव्हा बँक ऑफ सायप्रसमधल्या एक लाख युरोच्या वरच्या ठेवींपैकी ४७.५ टक्के रक्कम ठेवीदारांना शेअर्सच्या रूपात पत्करावी लागली. घरांच्या किमतीही त्या काळात वर्षानुवर्षं उतरत होत्या.

मग घर घेऊच नये का? असं मी म्हणत नाही. वर्षातले चार महिने खरोखर तिथे राहायचं आहे, पैसे अडकले तरी औषधपाणी आणि घरखर्च अडत नाही, अशा माणसानं दक्षिणेकडचं, स्वतंत्र टायटल डीड तयार असलेलं घर घ्यावं आणि समाधानानं राहावं. परवान्यासाठी बांधकाम चालू असलेलंच घर घ्यावं लागत असेल, तर बँकेचं मुक्तिपत्र हातात आल्याशिवाय पहिला हप्ता देऊ नये. मृत्युपत्र करताना वारसाहक्काला आपल्या देशाचा कायदा लागावा, असं स्पष्ट लिहावं. तशी सोय युरोपीय नियमात २०१५ पासून आहे. पण ज्याच्यापाशी ही एकच पुंजी आहे आणि उद्या आजारपणात तीच मोडायची आहे, त्यानं ती चार हजार किलोमीटरांवर नेऊन ठेवू नये.

वकील स्वतः निवडावा, बिल्डरनं सुचवलेला नको. फी आपण द्यावी, म्हणजे तो आपलं ऐकतो. आणि आजच्या आज टोकन भरा असं कुणी म्हणालं, तर त्याला सांगावं की आम्ही कागद बघून महिन्याभरानं येतो. तेवढ्यात बेट काही वाहून जात नाही.